हिस्टॉलॉजी प्रॅक्टिकलला जाताय? मायक्रोस्कोप लावण्यापासून स्लाइड ओळखण्यापर्यंत

पहिल्या वर्षाच्या मुलांची हिस्टॉलॉजीबद्दलची, म्हणजे टिश्यूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघण्याच्या विषयाबद्दलची, तक्रार ठरलेली असते: "सगळं गुलाबीच दिसतं." तक्रार खोटी नाही. लिव्हर गुलाबी, पॅनक्रिया गुलाबी, टेंडन गुलाबी, मसल गुलाबी. पण ज्युनिअर मुलांच्या शेजारी उभं राहून त्यांचं काम बघताना माझं पक्कं मत झालंय, की घोडं रंगापाशी अडत नाही. स्लाइड लावली रे लावली की बहुतेक जण तडक ४०× वर (चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर) जातात. तिथे चारदोन पेशी आणि भरपूर गुलाबी यापलीकडे हाती काही लागत नाही. अवयव ओळखला जातो तो कमी पॉवरवर, रचनेवरून. ४०× वर जायचं ते आधीच बांधलेला अंदाज तपासायला.

हा लेख एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, डीएमएलटी अशा कुठल्याही कोर्समध्ये पहिल्यांदाच माणसाच्या टिश्यूच्या स्लाइड्स बघणाऱ्यांसाठी आहे. थिअरी पुस्तकात आहेच. इथे हात आणि डोळे कसे चालवायचे तेवढं बघू.

१. जाण्याआधी काय घ्यायचं

- एप्रन आणि जर्नल
- एचबी पेन्सिल, शार्पनर, चांगला खोडरबर
- एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, स्लाइड रंगवायचे दोन रंग) पेन्सिली. एक निळसर जांभळी, एक गुलाबी. मेडिकलच्या पुस्तकांच्या दुकानात याच नावानं मागा, लगेच देतात.
- लेन्स पेपर. तुमच्याकडे नसेल तर डिपार्टमेंटमध्ये मागून घ्या. रुमाल, ओढणी, एप्रनचं टोक यांतलं काहीही लेन्सला लावायचं नाही.
- कलर अॅटलस, किंवा निदान त्या दिवशीच्या स्लाइड्सच्या प्लेट्स आदल्या रात्री बघितलेल्या असाव्यात.
- चष्मा. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकस तेवढं सांभाळून घेतं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र चष्मा लावूनच बघा.

अॅटलसचा मुद्दा जरा ताणून सांगतो. आधी काहीच न बघता थेट स्लाइडवर बसलात, तर डोळ्यांना काय शोधायचं तेच माहीत नसतं. पंधरा मिनिटं प्लेट्स चाळून आलेला मुलगा तासाभरात जे बघतो, ते कोरा आलेला दोन तास बसूनही बघत नाही.

२. यंत्रावर लिहिलेलं वाचा

मायक्रोस्कोप उचलायचा तो एक हात आर्मला, दुसरा बुडाखाली घालून. स्टेजला (स्लाइड ठेवतात त्या पाटाला) किंवा ट्यूबला धरून उचलू नका.

आता ऑब्जेक्टिव्हकडे, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सकडे, बघा. प्रत्येकावर रंगाची कडी असते: ४× ला लाल, १०× ला पिवळी, ४०× ला निळी, १००× ला पांढरी. बाजूला ४०/०.६५ असं काहीतरी कोरलेलं दिसेल. पहिला आकडा मोठं करून दाखवण्याचा. दुसरा न्यूमेरिकल अॅपर्चरचा, आणि माझ्या मते महत्त्वाचा तोच, कारण किती बारीक तपशील वेगळा दिसणार ते त्यावर ठरतं. ०.६५ ला साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे दोन बिंदू वेगवेगळे दिसतात. १००× च्या १.२५ ला पाव मायक्रॉनच्या आसपास. यापलीकडे साध्या प्रकाशाचा मायक्रोस्कोप जाऊ शकत नाही. हे गणित अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ मध्येच मांडून ठेवलं आहे. त्यामुळे मोबाइलवर फोटो काढून दोन बोटांनी कितीही मोठा केलात, तरी नवीन काही दिसणार नाही.

खाली १६०/०.१७ असं असेल तर १६० मिलिमीटर ही ट्यूबची लांबी आणि ०.१७ मिलिमीटर ही कव्हरस्लिपची (टिश्यूवरच्या पातळ काचेची) अपेक्षित जाडी. कव्हरस्लिपचा आकडा लक्षात ठेवा, पुढच्याच पायरीला लागेल.

आयपीसवर (डोळा लावायच्या लेन्सवर) १०×/१८ असेल तर त्यातला १८ फार उपयोगी. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्यानं भागलं की समोर दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे ४× वर ४.५ मिलिमीटर, १०× वर १.८ आणि ४०× वर फक्त ०.४५. ४०× वर किती कमी भाग दिसतो ते यावरून कळावं. आतड्याची अख्खी भिंत त्या गोलात मावतच नाही, मग ड्युओडिनम आहे की कोलन हे कळणार कसं?

३. स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. स्लाइड कडेनं धरा आणि उजेडासमोर न्या. पोकळ नळी आहे की भरीव तुकडा? एका कडेला निळसर पट्टी आहे? निळे ठिपके विखुरलेत? सेरिबेलमच्या घड्या नुसत्या डोळ्यांनीही कळतात. ट्रेकियाच्या कड्यातलं कार्टिलेज वेगळं दिसतं. अॅपेंडिक्सचं छोटं वर्तुळ आणि त्यातला निळसर पट्टा बऱ्याचदा स्टेजवर ठेवण्याआधीच अर्धं उत्तर देऊन जातो.

दुसरं काम, कव्हरस्लिप वरच्या बाजूला आहे ना ते बघणं. काच तिरकी धरली की कव्हरस्लिपची कडा चमकते. नखानं हलकेच चाचपली तरी लागते. स्लाइड उलटी लागली तर गंमत अशी होते, की ४× आणि १०× वर सगळं व्यवस्थित दिसतं, फोकसही होतो. ४०× वर आलं की काही केल्या चित्र स्वच्छ होत नाही. कारण सरळ आहे. ४०× चं टोक स्लाइडपासून सुमारे अर्धा-पाऊण मिलिमीटरवर यायला लागतं, आणि उलट्या स्लाइडमध्ये टिश्यूच्या वर एक मिलिमीटर जाडीची काच आडवी असते. मुलं नॉब पिळत राहतात, लेन्स काचेला टेकते आणि "कर्र" असा आवाज येतो. ४०× वर फोकस होत नसेल तर नॉबला हात लावण्याआधी स्लाइड काढून बघा.

४. उजेड

दिव्याचा मायक्रोस्कोप असेल तर आधी डायल कमीवर ठेवा, मग बटण चालू करा. हॅलोजनचा उजेड पिवळट वाटला तर निळा फिल्टर घाला, नाहीतर इओसिनचा गुलाबी नारिंगी दिसायला लागतो. आरशाचा मायक्रोस्कोप अजूनही पुष्कळ कॉलेजांत आहे. त्याला कंडेन्सर (स्टेजखालची उजेड गोळा करणारी लेन्स) असेल तर सपाट आरसा, नसेल तर खोलगट. खिडकीतून सरळ ऊन आरशावर घेऊ नका, डोळ्यांना इजा होते.

दोन्ही आयपीस असतील तर त्यांच्यातलं अंतर असं जुळवा, की दोन गोलांचा एक गोल झाला पाहिजे. मग डायॉप्टरची कडी (एका आयपीसवरची फोकसची फिरती कडी) नसलेल्या बाजूनं एका डोळ्यानं फोकस करा, दुसरा डोळा उघडून त्या बाजूचं चित्र फक्त कडी फिरवून स्वच्छ करा. एवढं न केल्यामुळे अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं आणि दोष विषयावर जातो.

५. फोकस करण्याचा क्रम

१. ४× फिरवून "टक" असं बसेपर्यंत जागेवर आणा.
२. स्लाइड क्लिपमध्ये बसवा, टिश्यू भोकाच्या मधोमध आणा.
३. बाजूनं बघत कोर्स नॉबनं (फोकसच्या मोठ्या चक्रानं) स्टेज वर घ्या. आयपीसमध्ये बघत वर न्यायचं नाही.
४. आता आयपीसमध्ये बघत स्टेज हळूहळू खाली आणा. चित्र येईल. फाइन नॉबनं (लहान चक्रानं) स्वच्छ करा.
५. हवा तो भाग मधोमध घ्या, मग १०×. इथे फक्त फाइन.
६. परत मधोमध, मग ४०×. कोर्स नॉबला हात लावायचा नाही.

यंत्र बरं असेल तर एका पॉवरवर फोकस केलेलं दुसऱ्या पॉवरवर जवळपास फोकसमध्येच राहतं. फाइनच्या अर्ध्या-पाऊण फेरीत चित्र यायला हवं. येत नसेल तर ४× वर परत या. त्यात कमीपणा काही नाही.

चित्र उलटं असतं: स्लाइड उजवीकडे सरकवली की दृश्य डावीकडे जातं. दोन दिवसांत हाताला सवय होते.

आणि एक ठिपका सतत नडतोय? आयपीस फिरवून बघा. ठिपकाही फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवा, ठिपकाही सरकला तर स्लाइडवर. दोन्हीत जागचा हलत नसेल तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर आहे. ठिपका नाही पण ४०× वर सगळंच धुरकट दिसतंय, असं असेल तर बहुतेक वेळा आधीच्या बॅचनं १००× साठी लावलेलं तेल ४०× ला लागलेलं असतं. लेन्स पेपरनं पुसा.

६. कंडेन्सर: ज्याला कोणी हात लावत नाही

मला विचाराल तर चांगलं आणि वाईट चित्र यातला सगळा फरक स्टेजखालच्या या भागात आहे. मुलं उजेड कमी-जास्त करायला डायफ्रॅमची (कंडेन्सरमधल्या उघडमीट होणाऱ्या झडपेची) दांडी वापरतात. ते तिचं काम नाही. उजेडासाठी दिव्याची डायल आहे. डायफ्रॅमनं ठरतो तो कॉन्ट्रास्ट आणि तपशील यांचा तोल.

कंडेन्सर आधी वर घ्या, जवळजवळ स्टेजला लागेपर्यंत. १०× वर फोकस करा. एक आयपीस अलगद बाहेर काढा आणि रिकाम्या ट्यूबमधून खाली बघा. तळाला उजेडाची चकती दिसेल. दांडी हलवली की ती लहान-मोठी होते. चकतीचा साधारण तीन चतुर्थांश भाग उजळलेला राहील इतका डायफ्रॅम मिटवा आणि आयपीस परत लावा. ४०× वर गेल्यावर तो थोडा जास्त उघडावा लागतो, ४× वर कमी.

बुडाशी, दिव्याच्या काचेवर दुसरा डायफ्रॅम असेल तर तुमचा मायक्रोस्कोप वरच्या दर्जाचा आहे. १०× वर फोकस करून तो पूर्ण मिटवा, त्याची कडा स्वच्छ दिसेपर्यंत कंडेन्सर वर-खाली करा, स्क्रूनं मधोमध आणा आणि कडा नजरेआड जाईपर्यंत उघडा. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही तशीच वापरात आहे.

आता डायफ्रॅमची खरी करामत. स्केलेटल मसलची लांबीत कापलेली स्लाइड ४०× वर लावा. डायफ्रॅम पूर्ण उघडा असेल तर नुसते गुलाबी पट्टे दिसतील. दांडी हळूहळू मिटवत या, फाइन नॉब किंचित पुढे-मागे करत राहा, आणि एका क्षणी आडव्या रेघा उमटतात. त्या तिथेच होत्या, जास्त उजेडात धुवून निघत होत्या. कार्डिअॅक मसलच्या इंटरकॅलेटेड डिस्क, ट्रेकियाचे सिलिया, आतड्यातला ब्रश बॉर्डर यांच्यासाठीही हीच युक्ती. मात्र फार मिटवलंत तर प्रत्येक कडेला काळी-पांढरी रेघ येते आणि नसलेलं दिसायला लागतं. काम झालं की पुन्हा उघडा.

७. गुलाबी आणि निळं वाचायचं कसं

तुमच्या बहुतेक स्लाइड्स एच अँड ई असतील. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं आणि न्यूक्लिक अॅसिड असलेल्या जागा निळ्या-जांभळ्या करतं. म्हणून न्यूक्लियस निळा. ज्या पेशी भरपूर प्रोटीन बनवतात त्यांच्या सायटोप्लाझममध्ये आरएनए जास्त, म्हणून तोही निळसर: पॅनक्रियाच्या अॅसिनसचा बुडाचा भाग, प्लाझ्मा सेल, न्यूरॉनमधले निसल ग्रॅन्यूल. इओसिन प्रोटीनला धरतं, म्हणून सायटोप्लाझम, कोलॅजन, मसल, तांबड्या पेशी गुलाबी.

पांढरं दिसणाऱ्या जागांकडे लक्ष द्या, तीही माहितीच असते. फॅट सेल रिकाम्या दिसतात, कारण स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये फॅट विरघळून जातं. मायेलिनचंही तेच. गॉब्लेट सेलमधलं म्यूसिन एच अँड ईनं नीट रंगत नाही, म्हणून ती फिकट फुगीर दिसते.

स्लाइडच्या जन्माची गोष्ट थोडक्यात माहीत हवी, व्हायव्हात विचारतातच: फॉर्मॅलिनमध्ये फिक्सेशन, चढत्या क्रमानं अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं पॅराफिन, ब्लॉक, मायक्रोटोमवर ४ ते ५ मायक्रॉनचा काप, स्टेन, शेवटी डीपीएक्स (काच चिकटवणारा पारदर्शक पदार्थ) लावून कव्हरस्लिप. फिक्सेशनला उशीर झाला की टिश्यू स्वतःच्याच एन्झाइमनं सडायला लागतो, आतड्याचं अस्तर सगळ्यात आधी. व्हिलायची (अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची) टोकं झडलेली दिसली तर तो आजार समजू नका.

मोजपट्टी हवी असेल तर तांबडी पेशी शोधा. ती साधारण ७ मायक्रॉनची. शेजारचा न्यूक्लियस किंवा पेशी तिच्या किती पट आहे ते बघा, झालं माप.

८. कोणत्या पॉवरवर कोणता प्रश्न

४× वर: नळी की भरीव? भरीव असेल तर कॅप्सूल आहे का, लोब्यूल आहेत का, कॉर्टेक्स-मेड्यूला वेगळे दिसतात का? नळी असेल तर आतली पोकळी कशी आहे, चांदणीसारखी, गोल की घड्यांनी भरलेली? भिंतीत थर किती? संपूर्ण स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून या, नांगरटीच्या क्रमानं. ज्या एका जागी उत्तर असतं, ती जागा पहिल्या गोलात क्वचितच सापडते.

१०× वर: एपिथेलियम (पृष्ठभागाचं पेशींचं अस्तर) कोणतं? ग्रंथी आहेत का, आणि त्या कुठल्या थरात? लिम्फॉइड गोळे (लिम्फोसाइट पेशींचे निळे पुंजके)?

४०× वर: वर बांधलेल्या अंदाजाला पुरावा.

स्ट्रॅटिफाइड (अनेक थरांच्या) एपिथेलियमला नाव मिळतं सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींवरून. खालचा थर बघून ठरवलंत तर चुकणारच. इसोफेगसमध्ये वरच्या पेशी चपट्या, युरेटरमध्ये वरच्या पेशी घुमटासारख्या फुगीर, एखाद्यात दोन न्यूक्लिआय.

९. काप कुठून गेलाय?

समोर दिसतो तो एक पातळ काप आहे, अख्खा अवयव नाही. पडवळ घ्या. आडवं कापलं तर कडी, उभं चिरलं तर दोन पट्ट्या, तिरकं कापलं तर लांबट कडी, आणि कडेनं नुसती साल काढली तर पोकळी दिसतच नाही. शरीरातल्या नळ्यांचं, ग्रंथींचं हेच होतं. एका थराचं कॉलम्नर एपिथेलियम तिरकं कापलं गेलं की तीन-चार थर असल्यासारखं दिसतं. अशा वेळी पोकळीपासून बुडापर्यंत पेशी सरळ उभ्या कापल्या गेल्या आहेत अशी जागा शोधा आणि निर्णय तिथेच घ्या.

किडनीचा ग्लोमेरुलस सुमारे २०० मायक्रॉनचा. ५ मायक्रॉनचे काप घेतले तर एकाचेच चाळीस होतील. त्यामुळे पुस्तकातल्या आकृतीसारखा, एका बाजूला रक्तवाहिनी आणि दुसऱ्या बाजूला ट्यूब्यूल निघालेला ग्लोमेरुलस दिसला तर नशीब समजा. फॅट सेलला न्यूक्लियस दिसत नाही, याचाही अर्थ बहुधा तेवढाच असतो: काप न्यूक्लियसमधून गेलेला नाही.

१०. जे टिश्यूचं नाही ते ओळखा

काळ्या कडेचा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. एकाच दिशेत गेलेल्या समांतर चिरा म्हणजे मायक्रोटोमच्या पात्याचे ओरखडे. गडद पट्टा म्हणजे काप दुमडला गेलाय. पेशींच्या समूहाभोवतीची पांढरी फट बहुतेक वेळा टिश्यू आकसल्यानं पडते. जांभळे ठोकळे वेगळ्याच पातळीवर फोकस होत असतील तर ते स्टेनचे कण. परीक्षक अशी जागा मुद्दाम दाखवत नाहीत, पण तुम्ही घाबरून तिचीच आकृती काढू नये म्हणून सांगितलं.

११. हमखास फसवणाऱ्या जोड्या

*लहान आतडं आणि मंडळी.* व्हिलाय आहेत का ते आधी बघा. नसतील तर कोलन किंवा अॅपेंडिक्स. अॅपेंडिक्सला लिम्फॉइड गोळे सगळीकडून वेढलेले असतात आणि आकार लहान. व्हिलाय असतील तर नजर सबम्यूकोसावर (अस्तराखालच्या थरावर) न्या. तिथे फिकट ग्रंथी, म्हणजे ब्रूनर्स ग्लँड, असतील तर ड्युओडिनम. पायर्स पॅच (लिम्फॉइड गोळ्यांचे समूह) असतील तर इलियम. दोन्ही नसतील तर जेजुनम. हा सगळा निकाल ४× आणि १०× वर लागतो.

*लिम्फॉइड अवयव चार.* टॉन्सिल: एका बाजूला स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस एपिथेलियम आणि आत गेलेल्या खोल क्रिप्ट. थायमस: लोब्यूल, आणि फिकट मेड्यूलात गुलाबी गोल हॅसल्स कॉर्पसल; एक सापडला तरी वाद मिटला. लिम्फ नोड: कॅप्सूलच्या लगेच खाली फिकट सायनस, कॉर्टेक्समध्ये गोळे. स्प्लीन: कॉर्टेक्स-मेड्यूला नाहीच, लालसर भागात विखुरलेले निळे गोळे, आणि गोळ्यात जरा एका बाजूला सरकलेली छोटी धमनी. ती दिसेपर्यंत स्प्लीन लिहू नका.

*थायरॉइड आणि दूध पाजणाऱ्या आईची मॅमरी ग्लँड.* दोन्हींत गुलाबी भरलेले गोल. थायरॉइडमध्ये डक्ट नसते, हे एकच धरून ठेवा. कोलॉइड एकसारखं गुलाबी. मॅमरीतल्या स्रावात फॅटची पांढरी छिद्रं आणि लोब्यूलमध्ये टिश्यूच्या भिंती.

*पॅरोटिड आणि पॅनक्रिया.* दोन्ही सिरस (पातळ, पाण्यासारखा स्राव करणाऱ्या). फिकट आयलेट (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचं बेट) सापडलं की पॅनक्रिया. पॅरोटिडमध्ये गुलाबी, ठळक स्ट्रायेटेड डक्ट आणि मधूनमधून फॅट सेल. सबमँडिब्युलरमध्ये सिरस आणि म्यूकस (चिकट स्राव करणारा भाग) दोन्ही, सबलिंग्वलमध्ये म्यूकसच जास्त.

*टेंडन, स्मूथ मसल, नर्व्ह, तिन्ही लांबीत कापलेल्या.* इथे मात्र ४०× लागतंच. टेंडनचे न्यूक्लिआय बारीक, चपटे, गडद आणि तंतूंच्या मधल्या फटींत ओळीनं. स्मूथ मसलचे न्यूक्लिआय लांबट, पेशीच्या आतच, आणि आकुंचन पावलेल्या जागी पीळ पडलेले. नर्व्ह लाटांसारखी वळणं घेत जाते आणि मायेलिन विरघळल्यानं फेसाळ दिसते.

*युरेटर, व्हास डेफरन्स, फॅलोपियन ट्यूब.* भिंतीच्या मानानं पोकळी अगदीच लहान आणि मसलचा दांडगा थर, तर व्हास. पोकळी घड्यांनी भरून गेलेली, तर फॅलोपियन ट्यूब. चांदणीसारखी पोकळी आणि ट्रान्झिशनल एपिथेलियम, तर युरेटर.

*किडनीतले ट्यूब्यूल.* ग्लोमेरुलसच्या आजूबाजूचे जास्त गुलाबी, पोकळी अस्पष्ट, ते प्रॉक्झिमल. फिकट, पोकळी स्वच्छ, न्यूक्लिआय जास्त, ते डिस्टल. मोजून बघा, प्रॉक्झिमल नेहमी संख्येनं जास्त निघतात, कारण ते लांब असतात.

लिव्हरबद्दल एक वेगळी सूचना. पुस्तकातला रेखीव षटकोनी लोब्यूल माणसाच्या लिव्हरमध्ये शोधत बसू नका. डुकराच्या लिव्हरमध्ये लोब्यूलभोवती टिश्यूची स्पष्ट भिंत असते, माणसात ती जवळपास नसते. आधी सेंट्रल व्हेन शोधा, मग आजूबाजूच्या पोर्टल ट्रायड, आणि कड मनातल्या मनात जोडा.

१२. जर्नल

अॅटलसमधून आकृती उतरवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तपासणाऱ्याला ते कळतं. आधी स्लाइड बघून साध्या पेन्सिलीनं थरांचं प्रमाण काढा: भिंतीचा किती भाग म्यूकोसा, किती मसल. मग एका पट्ट्यात पेशी भरा, सगळीकडे नाही. न्यूक्लियस निळसर पेन्सिलीचं टोक दाबून, सायटोप्लाझम गुलाबी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं. लेबल एकाच बाजूला, रेघा पट्टीनं. खाली ओळखीचे दोन-तीन मुद्दे लिहा, आणि ते तुम्हाला दिसलेले असू द्या.

१३. स्पॉटिंग

परीक्षेत मायक्रोस्कोप लावून ठेवलेला असतो, घंटा वाजली की पुढे. बहुतेक ठिकाणी स्लाइड हलवायची परवानगी नसते, फाइन नॉब तेवढा चालतो. आधी ऑब्जेक्टिव्ह कोणता आहे ते बघा. ४× वर ठेवलं असेल तर उत्तर रचनेत आहे, ४०× वर असेल तर एखाद्या पेशीत. पॉइंटर असेल तर प्रश्न पॉइंटरच्या टोकाबद्दल असतो, अख्ख्या स्लाइडबद्दल नाही. घाईत इथे गुण जातात. ओळख लिहिल्यावर कारणं लगेच लिहा. नाव आठवलं नाही तरी दिसलेलं लिहा.

सरावासाठी जोडीदाराला लेबलवर कागद लावून स्लाइड लावायला सांगा. लेबल वाचून बघितलेली स्लाइड ओळखीची वाटते, पण ती ओळख फसवी असते. डाग, स्लाइडचा फाटलेला कोपरा, लेबलचा रंग अशा खुणा लक्षात ठेवणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये असतात; परीक्षेला दुसरा बॉक्स निघाला की त्यांची पंचाईत होते.

१४. १००× आणि तेल

टिश्यूच्या स्लाइडला सहसा लागत नाही, रक्ताच्या स्मिअरला लागतं. ४०× वर फोकस करा, ऑब्जेक्टिव्ह अर्धवट फिरवा, कव्हरस्लिपवर किंवा स्मिअरवर तेलाचा एक थेंब, मग १००× त्यात बुडेल असा फिरवा. ४०× मागे फिरवून तेलातून न्यायचा नाही. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा, सुमारे १.५१५, त्यामुळे तिरके किरण हवेत वाया न जाता लेन्समध्ये शिरतात. कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा. काम झालं की लेन्स पेपरनं एकाच दिशेनं पुसा. झायलीनचा हात सैल सोडू नका, ते लेन्स बसवलेलं सिमेंटही सैल करतं आणि डीपीएक्सही.

१५. उठण्याआधी

४× जागेवर आणा, स्टेज खाली, मग स्लाइड काढा. ४०× असताना ओढून काढली तर लेन्सवर ओरखडा येतो. दिवा मंद करून बंद करा, बल्ब गार झाल्यावरच कव्हर घाला. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते, आणि एकदा काचेला जाळं लागलं की ते पुसून जात नाही. म्हणून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की त्यात ओलावा भरला, तापवून वाळवा किंवा बदला.

स्लाइड बॉक्समध्ये तिच्याच नंबरच्या खाचेत ठेवा. त्या काचेवरचा तुकडा कुणाच्या तरी शरीराचा आहे, आणि जुन्या बॉक्समधल्या काही स्लाइड्सचे ब्लॉक आता शिल्लक नसतात. फुटली तर लपवून परत खोचू नका. टेबलावरच्या टेक्निशियनला तेव्हाच सांगा, काचेचे तुकडे हातानं गोळा करू नका, आणि दुसरी स्लाइड मागून घ्या.